चार रात्रींची पाहुणी

आपल्या भाषेत पाहुण्यासाठी 'अतिथी' असा एक भारदस्त शब्द आहे. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, असा अर्थ आमच्या शाळेतले शास्त्रीबुवा सांगत. ही व्याख्या खरी धरली, तर क्लबाच्या कृपेने आमच्या घरी जे परदेशी पाहुणे येऊन गेले त्यांतला एकही अतिथी नव्हता. तिथी, वार, वेळ, कोणाला शेंगदाणे चालत नाहीत, कोणाला मांजराच्या केसांनी शिंका येतात, हे सारे छापील कागदावर महिनाभर आधी हातात पडे. कागदाच्या शेवटी 'मुक्काम : चार रात्री' असे स्पष्ट लिहिलेले असे. पाहुणा येण्याच्या आधीच तो जाणार कधी हे कळावे, हे भाग्य थोडे का आहे? माझ्या सासूबाई म्हणत, "असा पाहुणा मिळायला पूर्वजन्मीचं पुण्य लागतं."

आमचे हे रोटरी क्लबाचे सभासद. १९०५ सालच्या २३ फेब्रुवारीला शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन मित्रांना जमवून हा उद्योग सुरू केला. आज याच्या कचेरीत, उद्या त्याच्या कचेरीत, असे पाळीपाळीने जमायचे म्हणून नाव 'रोटरी'. आपल्या बायकांची भिशी याच तत्त्वावर चालते, पण आपण तिचे जगभर प्रांत पाडले नाहीत, एवढाच काय तो फरक. १९२० च्या सुमारास रोटरी कलकत्त्यात रुजली, १९२९ साली मुंबईत आली, आणि पुढे आपल्या तालुक्यातालुक्यांपर्यंत पोहोचली.

या रोटरीने १९६५ साली एक योजना काढली. ग्रुप स्टडी एक्स्चेंज हे तिचे नाव. अभ्यासगटांची देवाणघेवाण म्हणा. दोन देशांतल्या दोन प्रांतांची जोडी जमवायची. प्रत्येकाने नोकरी-व्यवसायात नुकती उमेदवारी संपवलेली, २५ ते ४० वयाची चारपाच माणसे निवडायची, बरोबर एक जाणता रोटेरियन द्यायचा, आणि चारसहा आठवड्यांसाठी त्यांना दुसऱ्या प्रांतात पाठवायचे. विमानाचे भाडे रोटरीच्या निधीतून. राहणे, जेवण आणि गावातली भटकंती यजमानांकडे. हॉटेलात उतरायचे नाही. माणसांच्या घरात राहायचे. शिक्षकाने तिथली शाळा बघायची, परिचारिकेने इस्पितळ, आणि रात्री कोणाच्या तरी जेवणाच्या टेबलाशी बसून दिवसाचे बोलायचे.

यात एक अट अशी होती की, प्रवासाला जाणारी माणसे स्वतः रोटेरियन नसावीत आणि रोटेरियनांची मुलेबाळेही नसावीत. म्हणजे गाद्या आम्ही घालायच्या, जेवणे आम्ही करायची, आणि विमानात बसायचे कोणा परक्याच्या मुलाने! पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा मला ती अट फार जाचक वाटली. पुढे विचार करता वाटले, की ती नसती तर सगळ्या जगाची देवाणघेवाण क्लबातल्या चार घरांतच आटोपली असती.

आता परदेशी पाहुणा येणार म्हटल्यावर पुणेरी घरात काय होते, हे काय सांगावे! पडदे धुतले जातात. माळ्यावरचे पितळेचे पातेले चिंचेने घासून दिवाणखान्यात फुलदाणी म्हणून विराजमान होते. पाणी उकळून, गाळून, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावून ठेवतात. आणि स्वयंपाकघरात तर सगळ्यांनी मिळून एक नवेच राष्ट्र स्थापन केलेले असते. त्या राष्ट्राचे अन्न म्हणजे मिरची नसलेला पुलाव, मसाला नसलेले कटलेट आणि गिळगिळीत कस्टर्ड. हे अन्न आपण कधी खात नाही, पाहुण्यांच्या देशातही कोणी खात नाही. पण दोघेही एकमेकांकडे बघून 'वा, वा' म्हणत ते संपवतात.

२००५ सालच्या जानेवारीत आमच्या वाट्याला आली ती डेन्मार्कची एक सत्तावीस वर्षांची मुलगी. उंच, पिंगट केसांची, आणि दारात पाऊल टाकण्याआधी न सांगता बूट काढणारी. "आमच्याकडेही घरात बूट घालत नाहीत," ती म्हणाली. या एका वाक्याने तिने सासूबाईंच्या दरबारी पहिली परीक्षा पार केली.

दुसरी परीक्षा जेवणाच्या वेळी झाली. डॅनिश भाषेत आभार मानायला 'ताक' म्हणतात. मला हे ठाऊक नव्हते, यांना नव्हते, सासूबाईंना असण्याचा प्रश्नच नव्हता. मी पुलाव वाढला, मुलगी हसून म्हणाली, "ताक." सासूबाईंचा चेहरा उजळला. "अगं, हिला ताक हवंय! किती समजतं बघ पोरीला!" लगेच भांडे भरून ताक आले. ते पाहून मुलगी कृतज्ञतेने पुन्हा म्हणाली, "ताक." दुसरे भांडे भरले. कोशिंबीर वाढली, "ताक". लोणचे ठेवले, "ताक". चौथ्या भांड्याला ती बिचारी घाबरी झाली आणि इंग्रजीत विचारू लागली, की तुमच्याकडे आभार मानले की हे पांढरे पेय प्यावेच लागते का? उलगडा झाला तेव्हा आम्ही सगळे इतके हसलो, की पुढच्या चार दिवसांत औपचारिकपणा म्हणून काही उरलाच नाही. जेवण संपल्यावर रांधणारीचे आभार मानायचे त्यांच्याकडे एक ठरीव वाक्य असते, तेही तिने शिकवले. सासूबाईंनी तिला त्या बदल्यात 'अन्नदाता सुखी भव' शिकवले. दोन्ही वाक्यांचे उच्चार दोन्ही बाजूंनी सारखेच बिघडलेले होते.

तिसऱ्या दिवशी राष्ट्रीय कस्टर्डाचा अंत झाला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आपल्या डब्यातली बाजरीची भाकरी आणि मेथी खात होत्या. मुलगी त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिली. त्यांच्याकडे राईची काळी, आंबुस भाकरी रोजच्या जेवणात असते. भाकरीचा रंग बघूनच तिला ओळख पटली. मावशींनी अर्धी मोडून दिली. त्या रात्री घरात भाकरी, पिठले आणि ठेचा झाला. तिने ठेचा बोटाच्या टोकाने चाखला, डोळ्यांतून पाणी काढले, आणि पुन्हा बोट पुढे केले.

क्लबाने आखलेला कार्यक्रम मात्र नेहमीच्या चाकोरीतला होता. स्टेशनवर औक्षण, डोक्याला फेटा, शाळेतल्या मुलींचे लेझीम, नऊवारीतला फोटो. मग १७३२ साली बांधून झालेला आणि १८२८ सालच्या आगीत जळालेला शनिवारवाडा. म्हणजे मुख्यतः दरवाजा आणि जोती. नंतर राजा दिनकर केळकर संग्रहालय. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने हे उभे केले. तिथले अडकित्ते, दिवे, वज्री, सारिपाट पाहताना ती खरोखर रमली. पण परत येताना गाडीत म्हणाली, "हे सगळं सुंदर आहे. पण मी सुईण आहे. मला बाळं कुठं जन्मतात ते बघायचंय."

सासूबाईंना हा धक्का होता. आपल्याकडे सुईण म्हणजे गावातली म्हातारी. तिला लुगडे-खण देऊन मागल्या दाराने वाटेला लावायचे. आणि ही तर विद्यापीठाची पदवी घेतलेली, चष्म्यातून वर्तमानपत्र वाचणारी मुलगी! डेन्मार्कमध्ये सुईणीचा अभ्यास काही वर्षांचा असतो, साधी बाळंतपणे तीच करते, आणि अडचण असेल तरच डॉक्टर येतो, असे तिने समजावून सांगितले. मग सासूबाईंनी आपली बाळंतपणे सांगायला सुरुवात केली. माझ्या लग्नाला तेव्हा पस्तीस वर्षे झाली होती, पण माझ्या थोरल्या दिरांच्या आधी घरात एक मुलगी होऊन पाचव्या दिवशी गेली होती, हे मी त्या रात्री प्रथमच ऐकले. मी दुभाषी होते. पहिल्यांदा मराठीत ऐकायचे आणि मग ते इंग्रजीत उच्चारायचे, यातले दुसरे काम मला जमेना. मुलीने काही विचारले नाही. सासूबाईंचा हात हातात घेऊन बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी यांनी धडपड करून तिची पुण्याजवळ वढू येथल्या ग्रामीण रुग्णालयात जायची सोय केली. रात्री क्लबाची चारपाच मंडळी जेवायला होती. मुलीने विचारले, "गडचिरोली इथून किती लांब? डॉक्टर राणी आणि अभय बंग यांना तुमच्यापैकी कोणी भेटलंय का?" खेड्यातल्या बायकांनाच शिकवून, घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली तर किती जीव वाचतात, हे बंग दांपत्याने दाखवून दिले होते. त्यांचा लेख १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. ज्या गावांत हे काम झाले नाही त्यांच्या तुलनेत नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरले होते. तिला हे तिच्या अभ्यासात शिकवले होते. आमच्या टेबलावर क्षणभर शांतता पसरली. मग एकाने पुलाव पुढे केला.

परका माणूस घरात आला म्हणजे तो आपले घर बघतो, असे आपल्याला वाटते. खरे म्हणजे तो आपल्याला आपलेच घर बघायला लावतो. आणि त्याचे प्रश्न असतात अगदी साधे. एके संध्याकाळी तिने मला विचारले, "तुम्ही क्लबाच्या सभासद नाही?"

हे पटकन म्हणाले, "ती आमच्या क्लबाची ॲन आहे."

"पण यांचं नाव तर वेगळं आहे!"

आता तिला काय सांगावे? १९१४ साली ह्यूस्टनच्या अधिवेशनाला जाणाऱ्या खास आगगाडीत एका सभासदाची बायको होती, तिचे नाव ॲन. मंडळींनी थट्टेने तिला 'रोटरी-ॲन' म्हटले. अधिवेशनात आणखी एकाची बायको भेटली. योगायोगाने तीही ॲनच. तेव्हापासून सगळ्या सभासदांच्या बायका ॲन झाल्या, आणि आपल्याकडे तर पोरेबाळे 'ॲनेट' झाली! अमेरिकेतल्या एका क्लबाने बायकांना सभासद करून घेतले, म्हणून भांडण होऊन प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८७ साली निकाल बायकांच्या बाजूने लागला आणि १९८९ पासून जगभर दार उघडले. हे मी मुलीला सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे सोळा वर्षं झाली." एवढेच. हे त्या दिवशी जेवताना दोन वेळा ताक मागून घेऊन गप्प बसले. पुढल्या वर्षी माझ्या नावाने अर्ज गेला, तो यांच्याच अक्षरात होता.

पण तिचा दुसरा प्रश्न याहून अवघड होता. तिला उतरायला दिलेली खोली आमच्या मुलाची. तो २००१ साली न्यू जर्सीला गेला. खोली मी तशीच ठेवली होती. कपाटात इंजिनिअरिंगची पुस्तके, दाराआड क्रिकेटची बॅट, भिंतीवर पोहण्याच्या स्पर्धेतले पदक. रविवारी त्याचा फोन येई.

"तो घरी कधी येतो?" तिने विचारले.

"दोन वर्षांतून एकदा. तीन आठवडे."

"तारीख आधी कळते?"

"हो, तिकीट आधी काढावं लागतं ना. चारसहा महिने आधीच कळवतो."

बोलून गेले आणि माझे मलाच ऐकू आले. येण्याची तारीख ठरलेली, जाण्याची तारीख ठरलेली, पोटाला काय चालत नाही त्याची यादी सुनेकडून आलेली, उकळलेले पाणी वेगळ्या बाटल्यांत भरलेले. या हिशेबाने माझा मुलगाही आता अतिथी राहिला नव्हता.

मुलगी सांगू लागली. ती एकोणिसाव्या वर्षी घराबाहेर पडली. त्यांच्याकडे तसाच रिवाज आहे. शिकणाऱ्या मुलांना सरकार दरमहा पैसे देते. आई वेगळ्या गावी राहते, आगगाडीने पाऊण तासावर. आईच्या घराची किल्ली हिच्याजवळ असते. "आमच्याकडे मुलं घर सोडतात," ती म्हणाली, "पण बहुतेक देश सोडत नाहीत. तुमच्याकडे मुलं घर सोडतच नाहीत, आणि मग एकदम देशच सोडतात."

मला राग आला. आपल्या कुटुंबपद्धतीबद्दल आपण परक्यांपुढे किती भरभरून बोलत असतो! त्यांच्या म्हाताऱ्यांची आपल्याला केवढी कणव! आणि इथे आमच्या गल्लीत एकापाठोपाठ एका घरात दोन म्हातारी माणसे आणि एक रिकामी खोली. परदेशी पाहुण्यांना उतरवायला आमच्या क्लबात जागेची ददात कधी पडली नाही, याचे कारण तेच होते. मुलगी अगदी सरळपणे बोलली होती, टोचायचे म्हणून नव्हे. म्हणून तर राग कोणावर काढावा ते कळेना.

त्याच देवाणघेवाणीत आमच्या प्रांताचा गट डेन्मार्कला गेला. त्यात एक परिचारिका होती. तिचे वडील गिरणीतून निवृत्त झालेले, घर दोन खोल्यांचे. परत आल्यावर ती क्लबात बोलली. तिथे कडाक्याच्या थंडीत बाळांना गाडीत गुंडाळून उपाहारगृहाच्या बाहेर झोपवतात आणि आईबाप आत निवांत कॉफी पितात, हे ऐकून सगळ्या ॲन 'अगं बाई' म्हणाल्या. वाढदिवसाला टेबलावर राष्ट्रध्वज लावतात, ही गोष्ट पुरुषांना आवडली. यजमानाने स्वतः भांडी घासली, ती त्यांना आवडली नाही. पण मला लक्षात राहिले ते तिचे शेवटचे वाक्य. ती म्हणाली, "मी तिथे सहा घरांत राहिले. सहाही घरांत मला झोपायला स्वतंत्र खोली होती. आयुष्यात पहिल्यांदा."

ते ऐकून मी घरी आले आणि मुलाच्या खोलीचे दार उघडून उभी राहिले. पुढल्या जूनमध्ये क्लबाकडे विद्यार्थी-देवाणघेवाणीतली ब्राझीलची एक सतरा वर्षांची मुलगी वर्षभरासाठी यायची होती. अशी मुले काही महिने एका घरी, काही महिने दुसऱ्या घरी राहतात. मी सांगितले, पहिले चार महिने आमच्याकडे. पण चार रात्रींसाठी पदकाखाली झोपता येते, चार महिन्यांसाठी कपाट लागते. रविवारी फोन आला तेव्हा मी मुलाला विचारले, "तुझी बॅट शेजारच्या पोराला देऊ का?"

थोडा वेळ तिकडून काही आवाज नाही. मग म्हणाला, "दे. पुस्तकंही देऊन टाक." आणि जरा थांबून, "मग आई, मी आलो की झोपायचं कुठं?"

"तारीख आधी कळव," मी म्हटले. "म्हणजे खोली मोकळी ठेवते."

तो हसला. मग मीही हसले. त्या वर्षी तो ठरलेल्या वेळेआधी सहा महिने, न कळवता, दत्त म्हणून दारात उभा राहिला. ब्राझीलची मुलगी खोलीत, आणि चिरंजीव दिवाणखान्यात सासूबाईंच्या शेजारी सतरंजीवर. सासूबाईंनी त्याला रात्री दोन वाजेपर्यंत झोपू दिले नाही. त्यानंतर दोन वर्षांनी त्या गेल्या.

अभ्यासगटांची ती योजना रोटरीने २०१३ साली बंद केली. त्याऐवजी विशिष्ट कामाचे प्रशिक्षण देणारे गट आले. रोटेरियनांनी सहकुटुंब एकमेकांकडे जाण्याचा मैत्रीप्रवासही आहे. २०२० साली करोनाने काही काळ सगळ्यांचीच दारे लावली. माझ्या वयाच्या बायका आता पाहुणे उतरवायला बिचकतात. गुडघे दुखतात, कमोडची दुरुस्ती व्हायची आहे, पोळ्यांना बाई मिळत नाही. त्यांना मी एवढेच सांगते की, पडदे धुऊ नका, कस्टर्ड करू नका; जे रोज जेवता तेच वाढा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पाहुण्याजवळ बसवा. बाकीचे ती दोघे बघून घेतात. भाषा लागत नाही.

आमच्याकडे दिवाळीचा फराळ अजून दोन पत्त्यांवर जातो, एक न्यू जर्सीला आणि एक डेन्मार्कला. चकली प्रवासात मोडते म्हणून ती पाठवत नाही. शंकरपाळे, बेसनाचे लाडू आणि चिवडा डब्यात दाबून भरायचा, वर जुने वर्तमानपत्र, आणि डब्याला चिकटपट्टीचे दोन वेढे. डेन्मार्कची पोच आठवड्याभरात येते. त्या पत्राची सुरुवात कशी असते, ते आता निराळे सांगायला नकोच, आणि पत्र वाचून झाले की हे अजून न चुकता स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडतात, "अगं, ताक आण!"